आई-बाबांना, कलकत्त्याच्या बागबाजारहून

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आपण रोज फोनवर बोलतो, तरी हे लिहायला बसले. फोनवर आईचा आवाज जरा ओला झाला की मी लगेच "जेवलीस का" वर येते आणि सांगायचं ते राहून जातं. बाबा, गेल्या रविवारी तुम्ही विचारलंत, मिहानच्या बदलीचं काय झालं? मी "बघू" म्हणाले. ते खरं नव्हतं. ऑफिसने नागपूरच्या मिहानमधली जागा देऊ केली होती आणि महिन्यापूर्वीच मी नको म्हणून कळवून टाकलं. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. धीर झाला नाही.

चार वर्षांपूर्वी तुम्ही दोघं मला संध्याकाळच्या गीतांजलीत बसवून द्यायला आला होतात. आईने गोळाभाताचा डबा दिला आणि गाडी हलेपर्यंत एकच विचारत होती, "काहून एवढ्या दूर?" मी म्हटलं होतं, दोनच वर्षं. तेव्हा मलाही तसंच वाटत होतं. पहिले सहा महिने मी हे शहर नुसतं सोसलं. आपलं ऊन भाजून काढतं, पण सावलीत गेलं की सोडतं. इथला दमटपणा सावलीतही अंगाला चिकटून राहतो. शोभाबाजारहून उल्टाडांग्याला एक ऑटो, तिथून सेक्टर फाइव्हच्या ऑफिसला दुसरी, आणि दिवसभर कानावर पडणारी भाषा अर्धीसुद्धा कळायची नाही. रात्री खोलीचं दार लावून रडले आहे, हेही आज सांगते.

मग एक दिवस काय झालं, सकाळी घाईत निघताना मी घरमालकीणबाईंना माझ्या मोडक्या बंगालीत "जाच्छी" म्हटलं. जाते. त्या स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, असं नाही म्हणायचं, "आशी" म्हणायचं. येते म्हणायचं. आई, तुझाच आवाज! लहानपणी किती वेळा मला उंबऱ्यावरून परत बोलावून "येते म्हण" असं म्हणायला लावलं आहेस. त्या दिवशी ऑटोत बसले तेव्हा पहिल्यांदा वाटलं, इथे आपलं कुणी तरी आहे. तेव्हापासून त्या माशीमा झाल्या. म्हणजे आपल्याकडची मावशी.

बाबा, तुमच्यासाठी एक गोष्ट कधीची राखून ठेवली आहे. एका दुपारी माशीमा नातवाला मांडीवर घेऊन थोपटत होत्या. अंगाईत "बर्गी" हा शब्द ऐकू आला. मी दारात उभी दिसताच त्या एकदम थांबल्या. अर्थ विचारला तर सांगेनात. शेवटी मेशोमोशाय, त्यांचे यजमान, यांनी सांगितला: बाळ झोपलं, आळी शांत झाली, बर्गी देशात आले, बुलबुलांनी धान खाऊन टाकलं, आता सारा कशाने भरायचा? बर्गी म्हणजे बारगीर, मराठ्यांचे घोडेस्वार. म्हणजे आपले. नागपूरच्या रघूजी भोसल्यांच्या फौजा, त्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर. 1742 पासून जवळजवळ दहा वर्षं त्यांच्या स्वाऱ्या या मुलखावर होत राहिल्या. गावं जळली, विणकर माग टाकून पळाले, आणि ती भीती अंगाईत जाऊन बसली. तुम्ही मला स्कूटरवर पुढे उभी करून महाल भागात न्यायचात, भोसल्यांचा वाडा दाखवायचात, कटकपर्यंत आपला अंमल होता असं सांगायचात. माझी छाती भरून यायची. ते खोटं नव्हतंच. पण त्याच गोष्टीची दुसरी बाजू माझ्यासमोर एका झोपाळू बाळाला थोपटत बसली होती आणि मला वाईट वाटू नये म्हणून गप्प झाली होती.

त्याच 1742 साली कलकत्त्याच्या लोकांनी मराठ्यांच्या धास्तीने शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत होता, तीन मैल झाला आणि काम थांबलं, कारण फौज इथवर आलीच नाही. 1799 मध्ये तो बराचसा बुजवून त्यावर रस्ता केला. बागबाजारात अजून "मराठा डिच लेन" आहे, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. पाटी पहिल्यांदा वाचली तेव्हा पाय अडखळले होते. मेशोमोशायना सांगितलं तर ते उठून आत गेले आणि कपाटातून रवींद्रनाथांचा खंड घेऊन आले. 1904 साली त्यांनी शिवाजी महाराजांवर लिहिलेली कविता मला वाचून दाखवली. ती कविता सखाराम गणेश देउस्करांच्या पुस्तिकेसाठी लिहिली होती, आणि हे देउस्कर बंगालीतून लिहिणारे मराठी गृहस्थ. "हेही लक्षात ठेव," मेशोमोशाय एवढंच म्हणाले.

आता दुसरी लपवलेली गोष्ट. मागच्या वर्षी सप्टेंबरात मी आठ दिवस "ऑफिसात फार काम आहे" म्हणत होते ना, तेव्हा मला डेंगी झाला होता. प्लेटलेट्स बऱ्याच खाली गेल्या होत्या. बाबांचं बीपी आठवून मी सांगितलं नाही. रागवा, पण हेही ऐका: आळीतल्या क्लबच्या मुलांनी, ज्यांची नावंही मला तेव्हा नीट माहीत नव्हती, पाळीपाळीने हॉस्पिटलात रात्री काढल्या. माशीमा शहाळ्याचं पाणी घेऊन रोज दोनदा यायच्या. घरी आणलं त्या दिवशी त्यांनी पातळ मसूर-डाळ आणि भात भरवला, अक्षरशः हाताने. ज्या गावाने आपल्या भीतीने खंदक खणला, त्या गावात नागपूरची मुलगी अशी जेवत होती.

त्यानंतर काही आठवड्यांनी महालया आली. आपली सर्वपित्री अमावास्या. पहाटे चार वाजता आळीतल्या प्रत्येक घरातून रेडिओवर तेच चंडीपाठाचे सूर येत होते. खिडकीपासून खिडकीपर्यंत एकच आवाज. मी अशक्त होते, तरी मेशोमोशायबरोबर बागबाजार घाटावर गेले. शेकडो माणसं गुडघाभर गंगेत उभी राहून तर्पण करत होती. बाबा, त्याच वेळी तुम्ही गच्चीवर आजोबांचं पान ठेवून कावळ्याची वाट बघत असणार, हे मला इतकं स्पष्ट दिसलं की मी पायऱ्या उतरले, ओंजळीत पाणी घेतलं आणि आजोबांचं नाव घेतलं. मुलीने घ्यावं की नाही हे मी कुणाला विचारलं नाही. परतताना कुमारटुलीतून आलो. बांबू, पेंढा आणि गंगेची माती. देवीच्या मूर्ती ओळीने उभ्या आणि कारागीर एकेकीचे डोळे रेखत होते. मातीला नजर येताना मी पाहिली, आई. तिथे तू बरोबर असायला हवी होतीस.

म्हणून बदली नको म्हटलं. तुमच्यापासून लांब राहायचंय म्हणून नाही. आईचे गुडघे, बाबांच्या गोळ्या, सगळं डोळ्यांपुढे होतं, आणि त्यामुळेच आठवडाभर झोप लागली नाही. पण या शहराने मला मोठं केलं आहे आणि ते सोडायला मन धजत नाही. दर तीन महिन्यांनी पंधरा दिवस नागपूरहून काम करायची परवानगी मी मागितली होती. ती लेखी मिळाली आहे. पहिली खेप पुढच्याच महिन्यात.

तुम्हाला मी दुर्गापूजेला या म्हटलं असतं. पण घरचा घट आणि अखंड दिवा सोडून आई येणार नाही, आणि तिने येऊही नये. डिसेंबरात या. गर्दी नसते, हवा सोसवते, आणि तेव्हाच शिंदीच्या रसाचा नोलेन गूळ येतो. त्याची "संदेश" मिठाई बाबांना एकच देऊ, शुगर बघून. तळमजल्याची खोली माशीमांनी तुमच्यासाठी ठरवून ठेवली आहे, जिना चढावा लागणार नाही. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, मी सकाळी आठलाच बसेन. खालचे बर्थ मिळतील असं बघते.

संत्रा बर्फीचे दोन डबे आणा, एक घरात, एक क्लबच्या मुलांना. आणि आई, माशीमांना गोळाभात शिकायचा आहे. डाळ इथे मिळते, पण भरडा तूच दळून आण. इथल्या गिरणीवाल्याला मला तो दोनदा समजावून सांगता आला नाही. दोन्ही वेळा त्याने बारीक बेसनच दिलं.

तुमची,
मनू