खोलीतला कापूस

बेटा,

खोकला कसा आहे? हे विचारायचं नाही असं ठरवून बसलो होतो, पण लिहायला घेतलं अन् पहिलं तेच आलं. खान्देश एक्स्प्रेस सुटेपर्यंत तू तोंड फिरवून बसलीस, मम्मीने दिलेला फराळाचा डबा बाकावरच राहिला अन् खिडकीतून नुसता तुझा खोकला ऐकू येत होता.

"पाद्र्यांच्या कॉलेजात हेच शिकवतात का" असं मी बोलायला नको होतं. विल्सन 1832 चं कॉलेज, मीच गावभर सांगत फिरतो की आमची पोरगी चौपाटीसमोर इकॉनॉमिक्स शिकते, आजी "पोर बाटी जाई रे" म्हणायची तर तिच्याशी पण मीच भांडलो होतो. राग तू मामांसमोर बोललीस त्याचा होता. थोडा बोलण्याचा पण होता.

म्हणे घरात पडलेल्या कापसाचा पण खर्च असतो, अपॉर्च्युनिटी कॉस्ट, म्हणजे विकून तो पैसा दुसरीकडे लावला असता तर जे मिळालं असतं ते. असेल बाई. पण 2022 ला क्विंटलला दहा हजाराच्या वर भाव पाहिलाय मी, तो डोळ्यासमोरून जात नाही. अन् 2025 ला लांब धाग्याचा हमीभाव 8110 केला तर त्याच ऑगस्टात कापसाच्या आयातीवरची 11 टक्के ड्युटीच वर्षअखेरपर्यंत काढून टाकली, हे पुस्तकात कुठं बसतं ते विचार सरांना. अन् सगळं पुस्तकातलंच खरं मानू नको, रात्री जागत जाऊ नको, स्टॅटिस्टिक्सला घाबरून... जाऊ दे, परत भाषण सुरू झालं माझं. सॉरी. डॉक्टरला दाखवलं का?

आजोबांकडे विप्रोचे शेअर होते, तुला माहितीये. तेव्हा आपल्या अमळनेरात वनस्पती तूप बनवणारी कंपनी, पुढचं कोणाला दिसत होतं? आत्याच्या लग्नात विकले. ज्यांनी ठेवले ते करोडपती झाले, आजोबा त्यावर शेवटपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, नुसते त्या लोकांच्या घरावरून जाताना चपलेकडे बघायचे. मी विकायला भितो ते तिथून असेल.

काल तुझ्या खोलीतला कापूस पत्र्याच्या शेडमध्ये हलवला. अर्धा दिवस गेला, मम्मी अन् मी दोघं खोकून बेजार, तेव्हा डोक्यात आलं की तू दिवाळीचे आठ दिवस त्यातच झोपत होतीस अन् एकदा पण बोलली नाहीस. विकला नाहीये, नुसता हलवलाय. भिंतींना चुना मारून घेतो.

त्यानेच असेल तर आता कमी व्हायला पाहिजे. झाला का? नुसतं हो-नाही टाक मोबाईलवर.

पप्पा