सायकलला गिअर किती ते विचारू नका, दाते किती ते विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत रोड बाइक घेताना काय बघावं यावर अर्धं पान लेख आला होता. चांगला होता, कार्बन का अ‍ॅल्युमिनियम, सीटची उंची, हेल्मेट, दिवे सगळं होतं. पण गिअरबद्दल एकच वाक्य, की डोंगराळ भागातल्यांनी जास्त गिअरची सायकल घ्यावी. मी साताऱ्यात राहते, इथे घराबाहेर पडलं की कुठल्या तरी बाजूला चढ लागतोच, आणि नेमकं हेच वाक्य ऐकून मी सहा वर्षांपूर्वी सायकल घेतली आणि त्याचं फळ माझ्या गुडघ्यांनी भोगलं, म्हणून हे पत्र. थोडं लांबणार आहे, कापायचं तर कापा पण दात्यांचे आकडे तेवढे ठेवा.

माझी सायकल सेकंडहँड, १८ गिअरची. दुकानदार म्हणाला, मॅडम १८ गिअर आहेत, महाबळेश्वरला सुद्धा आरामात जाल. मला पण वाटलं १८ म्हणजे खूपच झाले की, बाबांच्या काळ्या सायकलला एकच होता आणि ते आईला मागे बसवून कोरेगावला जायचे.

पहिल्याच महिन्यात यवतेश्वरच्या घाटात गेले. समर्थ मंदिरापासून वर जातो तोच, हिल मॅरेथॉनवाले पळतात तो. पहिली वळणं कशीबशी निघाली आणि मग एका वळणावर, आतल्या बाजूने चढ जास्त असतो हे तेव्हा माहीत नव्हतं, पाय खाली जाईचना. उभी राहिले, सगळं वजन पायडलवर टाकलं, तरी क्रँक (पायडलचे दांडे आणि पुढच्या चकत्या) जिथल्या तिथे. बूट पायडलला अडकलेले, ते सोडवायच्या आत डाव्या कुशीवर आडवी झाले, अगदी सावकाश, म्हणजे पडताना विचार करायला वेळ मिळाला इतकी सावकाश. वरून एक मामा मोटरसायकलला दुधाच्या किटल्या लावून उतरत होते. ते थांबले, सायकल उचलून दिली, चेनकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "ताई, पहिल्यात टाका की." मी म्हंटलं, "मामा, पहिल्यातच आहे." त्यावर ते काही बोलले नाहीत, पण पहिल्यात असून चढत नाही म्हणजे गाडीतच काहीतरी गडबड आहे हे त्यांना तिथल्या तिथे कळलं होतं. मला कळायला अजून एक वर्ष गेलं, कारण सगळे सांगत होते सराव कमी पडतोय, वजन कमी करा, आणि मी पण तेच धरून बसले.

तर गडबड अशी. पुढे पायडलपाशी दोन चेनरिंग असतात, माझ्या सायकलला त्यांचे दाते ५३ आणि ३९ होते. मागच्या कॅसेटला, म्हणजे चाकावरच्या चकत्यांच्या संचाला, सगळ्यात लहान चकती ११ दात्यांची आणि सगळ्यात मोठी २५ ची. ही सपाटीवर रेस मारणाऱ्या पोरांची जोडणी आहे. हिच्यातला सगळ्यात हलका गिअर म्हणजे पुढे ३९ आणि मागे २५. भागाकार केला की १.५६ येतो, म्हणजे पायडलचा एक फेरा मारला की मागचं चाक दीड फेऱ्यापेक्षा जास्त फिरतं. रोड बाइकच्या चाकाचा घेर धरा साधारण २.१ मीटर, तर एका फेऱ्यात सायकल सव्वातीन मीटर पुढे जाते. सपाटीला हे काहीच नाही, पण आठ-दहा टक्के चढावर माझ्यासारखीचा वेग ताशी ८ किलोमीटर असतो, आणि त्या वेगाला या गिअरमधे पाय मिनिटाला जेमतेम ४० फेरे मारतात. प्रत्येक फेरा म्हणजे धान्याचं पोतं एक पायरी वर चढवल्यासारखा. तेच पुढे ३४ आणि मागे ३४ असेल तर हिशोब एकास एक, एका फेऱ्यात २.१ मीटर, आणि त्याच ८ च्या वेगाला पाय ६३ वेळा फिरतात. चढ काही कमी होत नाही, एकूण कष्ट तेवढेच, फक्त ते छोट्या छोट्या हप्त्यात फेडता येतात. (बँकेत आहे म्हणून हप्त्याचंच सुचतं.)

म्हणून १८ का २२ का २४ याला घाटात काही अर्थ नाही. माझ्या सायकलला तेव्हाही १८ गिअर होते आणि आजही १८च आहेत, तरी तेव्हा यवतेश्वरला आडवी होत होते आणि आता कास पठारापर्यंत जाऊन घरी येऊन डबा भरते. बदललं ते पुढचं लहान आणि मागचं मोठं, दोन आकडे फक्त.

आता आपल्याला कोणता आकडा लागेल हे कसं कळणार? लोक ग्रूपवर विचारतात आणि मग प्रत्येकजण स्वतःचं सांगतो. माझं म्हणणं, आपल्या नेहमीच्या घाटातल्या सगळ्यात वाईट तुकड्यापासून उलटं मोजत या. तिथे मोबाइलवर वेग बघा, आणि उजवा गुडघा १५ सेकंदात किती वेळा वर येतो ते मोजून चारने गुणा. साठच्या खाली येत असेल आणि घरी आल्यावर गुडघ्याची वाटी दुखत असेल तर गिअर जड आहे, पाय कमजोर नाहीत. एकास एक गिअरला मिनिटाला ६५ फेरे म्हणजे ताशी ८ किलोमीटर, एवढं एक लक्षात ठेवलं तरी बाकीचं त्रैराशिक आहे. त्याच चढावर कोणी १० ने जात असेल तर त्याला ३४ ला २८ (पुढे ३४, मागे २८) पुरतं. १२ ने जाणारी पोरं ३६ ला २५ वर सुद्धा मजेत जातात, त्यांनी हे पत्र वाचायची गरज नाही.

आणि घाटाची सरासरी बघून फसू नका. पसरणीचा घाट घ्या, वाईपासून पाचगणी साधारण १२ किलोमीटर आणि चढाई सहाशे मीटरच्या आत, म्हणजे सरासरी पाच टक्केसुद्धा नाही, आणि तो खरंच एकसारखा आहे, तिथे ३४-२८ वाला गप्पा मारत जातो. मेढ्याकडून केळघर घाटाने महाबळेश्वरला जाऊन बघा मग कळेल. सरासरीत मधले उताराचे, सपाटीचे तुकडे पण धरलेले असतात, तुमचा पाय अडकणार तो मधल्या दोनशे मीटरात. शिवाय तो घाट दिवसात कधी येतो हे पण धरा. २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) साडेतेरा तासात संपवायची असते, तिच्यात घाट दीडशे किलोमीटरनंतर आला तर सकाळचे पाय तेव्हा नसतात. मी तरी गिअर निवडताना दमलेल्या संध्याकाळचा निवडते.

दुरुस्तीची कथा वेगळीच. जिथून सायकल घेतली तिथे गेले तर म्हणाले मॅडम याला काही होत नाही, नवीन घ्या, आणि लगेच कॅटलॉग पुढे. दुसऱ्या एकाने नुसती ३४ ची कॅसेट विकायची तयारी दाखवली, ती घेतली असती तर पैसे पाण्यात, कारण मागचा डिरेल्युअर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, छोट्या पिंजऱ्याचा (पिंजरा म्हणजे त्याचा चेन ताणून धरणारा खालचा भाग) होता आणि त्याला एवढी मोठी चकती झेपत नाही. हे प्रत्येक डिरेल्युअरचं ठरलेलं असतं, उदाहरणार्थ शिमानो १०५ च्या आर७००० मालिकेत छोट्या पिंजऱ्याचा ३० दात्यांपर्यंत जातो आणि लांब पिंजऱ्याचा ३४ पर्यंत. दिसायला दोन्ही सारखे, मागे नंबर कोरलेला असतो तो वाचायचा. शेवटी साध्या सायकली करणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी केलं. त्यांनी आधी क्रँक बघितला आणि सांगितलं की याच्या बोल्टचं वर्तुळ १३० मिलिमीटरचं आहे, याच्यावर ३८ च्या खाली रिंग बसतच नाही, ती बोल्टलाच धडकेल. म्हणजे ३४ पाहिजे तर क्रँकच बदलायला लागणार, ११० वाला, ज्याला सगळे कॉम्पॅक्ट म्हणतात, ५० आणि ३४ चा. तो जुना मिळाला. कॅसेट नऊ चकत्यांची ११-३४. आणि मागचा डिरेल्युअर त्यांनी चक्क एमटीबीचा (माउंटन बाइकचा) लांब पिंजऱ्याचा लावला. नऊ स्पीडपर्यंतच्या (म्हणजे मागे नऊ चकत्यांपर्यंतच्या) शिमानोला हे चालून जातं, एमटीबीच्या दहा स्पीडपासून केबल ओढायचं माप बदललंय, तिथे हा जुगाड करायला जाऊ नका.

चेन नवीन टाकली, कारण जुनी आखूड पडते. त्यांनी चेन पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या चकतीवरून डिरेल्युअर सोडून नुसती फिरवली, टोकं जुळतात तिथून दोन कड्या जास्त ठेवल्या आणि मग कापली. मी म्हंटलं मोठ्या-मोठ्यावर चालवायची नसतेच ना, मग कशाला? म्हणाले, "चालवायची नसते, पण दमलेला माणूस चुकून टाकतोच, तेव्हा चेन आखूड असली की डिरेल्युअर तुटून चाकात जातो." आणि पुढचा डिरेल्युअर पण खाली सरकवायला लागला कारण ५३ ची रिंग जाऊन ५० ची आली. एवढं सगळं नव्या सायकलीच्या किमतीपुढे काहीच नव्हतं.

तोटे पण सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल एकतर्फी लिहिते. ११-३४ मधे चकत्यांमधली अंतरं मोठी. १७ वरून एकदम २०. हायवेला समोरून वारा असला की १७ जड आणि २० हलका, मधलं काही नाही, चिडचिड होते. सपाटीवर राहणाऱ्याने, सोलापूरकडच्या माणसाने म्हणा, हे मुळीच घेऊ नये. वरचा वेग गेला असं मात्र वाटत नाही, ५० ला ११ मधे पाय ९० ने फिरले तरी ताशी ५० च्या वर जातं, आणि उतारावर समोर एसटी आणि आत खड्डे असताना माझा हात ब्रेकवर असतो, पायडल कोण मारतंय.

आणि ज्यांना ३४-३४ पण जड जातं, साठीच्या पुढचे किंवा सामान लादून फिरणारे, त्यांच्यासाठी हल्ली ग्रॅव्हलचे (कच्च्या रस्त्यावरच्या सायकलींचे) क्रँक मिळतात, ४८-३१ किंवा ४६-३०. पुढे ३० आणि मागे ३४ म्हणजे एकाच्याही खाली. फक्त जो काही हलका गिअर असेल तो चढ सुरू व्हायच्या आधी टाका, सगळा जोर पायडलवर असताना पुढची रिंग बदलायला गेलं की चेन पडते आणि मग परत दूधवाले मामा.

आमच्या रविवारच्या ग्रूपमधे मागे मोठी चकती लावली की पोरं हसतात, "काकूंनी परात लावली." हसू दे. मोठ्या रेस भरवणारेसुद्धा एकेकाळी असेच होते, टूर द फ्रान्समधे १९१० ला तूरमाले घाट आला तरी डिरेल्युअर वापरायची परवानगी मिळाली ती थेट १९३७ ला, तोपर्यंत घाटाच्या पायथ्याला उतरायचं, मागचं चाक काढून उलटं बसवायचं, दुसऱ्या बाजूला जास्त दात्यांची चकती असायची, आणि मग चढायचं. हलक्या गिअरवाल्याला कमी समजायचा रोग तेव्हापासूनचा दिसतोय.

आता विनंती. पुरवणीत सायकलींची माहिती छापताना किमतीशेजारी "२२ गिअर" असं न छापता पुढचे दाते, मागचे दाते आणि मागचा डिरेल्युअर कमाल कितीचा, एवढे तीन आकडे छापा, एका ओळीत मावतात. दुकानदारांनी पण टॅगवर तेच लिहावं, वजन अगदी ग्रॅमात लिहितात तसं. आणि वाचकांनी सायकल घेताना टॅगवर नसलं तर मोजावं, चकतीवर बहुतेक वेळा आकडा कोरलेला असतो, नसला तर खडूने एका दातावर खूण करून फिरवत मोजायचं, दोन मिनिटं लागतात. दुकानदार वैतागतो थोडा.

माझा ५३-३९ चा क्रँक अजून माळ्यावर आहे. मुलगा म्हणतो त्याचं भिंतीवरचं घड्याळ करू, पण चालू स्थितीत आहे, सपाट भागातल्या कुणाला पाहिजे असेल तर फुकट देईन, येऊन घेऊन जावा.

आपली एक वाचक,
सातारा