सुरुंगाच्या हादऱ्याचा आकडा कोण सांगणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या गावाला लागूनच दगडखाण हाय, दुपारी बार उडवतात. भोंगा झाला की आई गॅसवरचं पातेलं आधी खाली उतरून घेते, मग फळीवरचे स्टीलचे डबे खणाणतात आणि तांब्यातल्या पाण्यावर बारीक बारीक वळ्या उठतात. देव्हाऱ्यामागच्या भिंतीला चीर गेलीय, तिच्या टोकाला मी पेन्सिलीनं खूण करून तारीख टाकतोय, दिवाळीच्या खुणेच्या पुढं ती चार बोटं सरकली. खाणीवर विचारायला गेलं की एकच, "सगळं लिमिटमध्ये हाय." अहो मग आज किती आलं ते सांगा की!

कारण हे मोजता येतं. बार झाल्यावर जमीन किती वेगानं हलली ते सेकंदाला किती मिलिमीटर असं यंत्र सांगतं. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात लोकांच्या साध्या घरांसाठी मर्यादा दिल्यात, सेकंदाला ८ पेक्षा कमी कंपनं असतील तर ५ मिलिमीटर, ८ ते २५ असतील तर १०, त्याच्यावर १५. सावकाश हेलकाव्याला मर्यादा कडक, कारण घर स्वतः तसंच सावकाश डोलतं, दोन्ही जुळलं की भिंत जास्त ताणली जाते. सुरुंगाची दारू भरलेली सगळी भोकं एकदम न उडवता मधे काही मिलिसेकंद सोडले तरी हादरा कमी होतो, हे खाणवाल्यांनाही ठाऊक हाय. आणि आवाजाचं म्हणाल तर थंडीत सकाळी गार हवा खाली आणि उबदार वर असते, तेव्हा वर गेलेला आवाज वाकून परत खाली येतो, त्यामुळं लांबच्या वस्तीतपण तावदानं थरथरतात, लोक म्हणतात आज दारू जास्त भरली, पण दरवेळी तसं नसतं. म्हणूनच म्हणतोय, मोजा. आमची चूक असेल तर तीपण कळू दे.

१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत दारूगोळ्यानं भरलेलं फोर्ट स्टिकीन जहाज स्फोटात फुटलं त्याची नोंद पार सिमल्याच्या भूकंपयंत्रावर झाली होती. २०२० मध्ये बैरूतला २७५० टन अमोनियम नायट्रेटचा साठा उडाला, त्याची ताकद शास्त्रज्ञांनी लोकांनी काढलेल्या व्हिडिओवरून काढली, स्फोटाची लाट कुठल्या क्षणाला कुठं पोचली ते बघून. आपल्या पुण्यात तर पाषाणला स्फोटकांवरच काम करणारी डीआरडीओची एचईएमआरएल ही प्रयोगशाळा हाय. एवढं सगळं असताना खाणीपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या माणसाला एक आकडा मिळत नाही, याचं लई वाईट वाटतं.

पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी तुम्ही रोज छापता, ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, हे कोल्हापुरात शाळेतल्या पोरालापण पाठ हाय. तसंच खाणीजवळच्या प्रत्येक गावात ग्रामपंचायतीच्या आवारात एक यंत्र बसवा, खाणवाल्याचं सोडून दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात द्या, विद्यापीठातली नाहीतर इंजिनिअरिंगची पोरं नोंदी ठेवतील, आणि बार झाला की त्याच संध्याकाळी आकडा फळ्यावर लिहा. जिल्हाधिकारी साहेबांनी यात लक्ष घालावं आणि तुम्हीपण हा विषय लावून धरावा ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर