तुझ्या असाइनमेंटचं उत्तर, जरा उशिरानं

बाळ,

तू व्हॉट्सअपवर प्रश्न पाठवलास त्याला आठवडा झाला, आई रोज विचारते दिलं काय उत्तर आणि मी रोज म्हणतो आज देतो. बोलून पाठवणार होतो पण मागांच्या खटखटीत काय ऐकू येणार तुला, म्हणून आज रविवार, लाइट गेलीय, माग बंद आहेत तेवढ्यात टाइप करालोय. चुका असतील त्या तूच सुधारून घे.

आधी एक कबूल करतो. तू चांगली नोकरी सोडून भविष्याचा अभ्यास करायला फिनलंडला जाते म्हणालीस तेव्हा मी गल्लीत सगळ्यांना एमबीएसारखं काहीतरी आहे असं सांगितलं होतं. तुझ्या आत्यानं तर तोंडावर विचारलं, एवढी इंजिनियर झालेली पोरगी पंचांग शिकायला चाललीय काय. मी हसलो पण मला पण दुसरं काही सुचलं नाही बघ. आपल्यात भविष्य म्हटलं की पेपरातलं राशीचं नाहीतर हात बघणारा, आणि तुमच्यात तर भविष्य हा शब्दच अनेकवचनात आहे, फ्युचर्स, एक नव्हे, अनेक. मराठीत भविष्यं असं म्हणून बघ, जिभेला कसंतरीच लागतं. मला वाटतं अर्धी अडचण तिथंच आहे.

ह्यूस्टनच्या विद्यापीठात १९७४ पासनं यात मास्टर्स करतात, तुमच्या तुर्कूत २००५ पासनं, हे तू सांगितलंस म्हणून मी जरा गप्प बसलो. म्हटलं पन्नास वर्षं लोक फी भरून शिकालेत म्हणजे अगदीच हवेतलं नसणार.

आता तुझा प्रश्न. बाबा, तुम्ही पंचवीस वर्षांचे असताना आजचे दिवस कसे असतील असं वाटत होतं?

मी १९६७ चा, म्हणजे पंचवीस म्हणजे १९९२. त्या वर्षी सोसायटीचं कर्ज काढून चार सेकंडहँड माग घेतले. खरं सांगू का, मी काही विचारच केला नव्हता. हिशोब एवढाच, बायका आहेत तोवर साड्या आहेत, साड्या आहेत तोवर आपल्या बेळगावच्या वडगावात माग आहेत. चाराचे आठ होतील, आठाचे सोळा. कर्जाचे हप्ते त्याच हिशोबावर बांधले. त्यात चूक काय होती ते मला घरातच दिसायला पाहिजे होतं. तू व्हायच्या आधीची गोष्ट, तुझी आई शहापूरच्या बाजारातनं पंजाबी ड्रेस घेऊन आली, मी दोन दिवस चेष्टा केली, विणकराची बायको आणि ड्रेस घालते म्हणून. पुढं दोन-तीन वर्षांत गल्लीतल्या सगळ्या पोरी त्यातच. रोजच्या वापराची साडी हळूहळू सुटली, राहिली ती सुरतेच्या स्वस्त मालानं खाल्ली, आणि मी दलालाला दोष देत बसलो की भाव पाडतोय म्हणून. तू मागच्या महिन्यात सांगितलंस की याला तुमच्यात वीक सिग्नल म्हणतात, अँसॉफ नावाच्या माणसानं १९७५ ला लिहिलंय, मोठा बदल यायच्या आधी त्याची बारीक चाहूल कुठंतरी कडेला लागलेली असते. आमची चाहूल कडेला कुठली, घरात दोरीवर वाळत होती की.

मग पुढं नोव्हेंबर २०१६ ला नोटबंदी, जुलै २०१७ ला जीएसटी, ऑगस्ट २०१९ ला पाऊस, मार्च २०२० ला लॉकडाऊन. चार वर्षांत चार दणके. यातला एक तरी १९९२ मध्ये कुणी सांगितला असता तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. म्हणजे अंदाज बांधून उपयोग नव्हता हे मला पटलं. पण तू ती शेल नावाच्या तेल कंपनीची गोष्ट सांगितलीस ना, ती माझ्या डोक्यातनं जाईना. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या पिअर वॅक आणि त्याच्या माणसांनी कंपनीच्या साहेबांपुढं तेल स्वस्तच राहणार याच्या उलट्या गोष्टी मांडून ठेवल्या, आणि १९७३ ला अरबांनी तेल अडवलं तेव्हा बाकीचे गोंधळले आणि यांना निदान ठाऊक होतं की असं झालं तर काय करायचं. गोष्ट खरी ठरली यात मोठेपणा नव्हे, साहेबांनी ती एकदा मनातनं जगून बघितली होती यात आहे, असं तूच म्हणालीस.

ते ऐकून मला तुझी आजी आठवली. येळ्ळूरच्या शिवारात आपला दीड एकर बासमती होता, तुला आठवतो काय माहीत नाही. बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात येणार हे सगळ्यांना ठाऊक, कधी आणि किती ते कुणालाच नाही. आजी काय करायची, लागणीला लागतो त्यापेक्षा जास्त तरवा, म्हणजे भाताची रोपं, टाकायची, उंचवट्यावर, आणि थोडं बियाणं मडक्यात मागं ठेवायची. शेजारणी हसायच्या, उगाच बी वाया घालवते म्हणून. ज्या साली पाणी आलं नाही त्या साली ते वायाच जायचं, तिनं कधी हळहळ केली नाही. ज्या साली भात कुजला त्या साली आपल्याकडं परत लावायला होतं. आणि तेही गेलं तर पाणी ओसरल्यावर काळ्या रानात मसूर. आजीनं नाल्याचं भाकीत कधीच केलं नाही, पावसाळा कुठलाही येवो तिच्याकडं काहीतरी होतंच. तू हे तुझ्या मॅडमना सांग, पण तिचं नाव घालून सांग, सीमाभागातली एक शेतकरी महिला असं नको.

आता जरा अवघड आहे ते लिहितो.

आपल्या माणसांनी एकच भविष्य धरलं, बेळगाव महाराष्ट्रात जाणार. सीमावादावरच्या महाजन आयोगाचा अहवाल मी जन्मलो त्या वर्षी आला, त्यात बेळगाव इकडंच ठेवलं, महाराष्ट्रानं तो मानला नाही, १९८६ ला कन्नडसक्तीच्या वेळी मी एकोणीस वर्षांचा, रस्त्यावर होतो. २००४ ला महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला, ती केस अजून आहेच. तुझे आज्जा दर १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळायचे, काळी फीत लावून फेरीत जायचे. घरात कुठलाही मोठा निर्णय आला की एक वाक्य ठरलेलं, निकाल लागू दे मग बघू. घर वाढवायचं, निकाल लागू दे. पोरांना कुठल्या मीडियमला घालायचं, एकदा निकाल लागू दे. मधल्या काळात २०१२ ला इथं सुवर्ण विधानसौध, कर्नाटक विधिमंडळाची इमारत, उभी राहिली, २०१४ ला बेळगावचं बेळगावी झालं, आपण निकाल लागू दे म्हणतच राहिलो. मला आज्जांना नावं ठेवायची नाहीत, ती मागणी माझी पण आहे आणि मरेपर्यंत राहील. पण हवं असलेलं भविष्य आणि येऊ शकणारं भविष्य असे तुमच्यात दोन वेगळे कप्पे असतात ना, आपण दोन्ही एकाच पेटीत घालून कुलूप लावलं.

आणि आता तुला कधी न सांगितलेलं. तू मराठी शाळेत होतीस, चौथीला, तेव्हा मागच्या गल्लीतल्या कन्नड सरांकडं तुला पाठवायचो, आठवतंय? घरात गणिताची शिकवणी म्हणून सांगितलं होतं. आज्जांना कळलं असतं तर महाभारत झालं असतं. तुला पण शिकवून ठेवलं होतं की गणित म्हणायचं, तू बिचारी वहीवर मुद्दाम पाढे लिहून आणायचीस. दोन वर्षं चाललं. एकदा दिवाळीच्या आधी धंद्यात पैसे अडकले, तीन महिन्यांची फी थकली, मी सरांकडं तोंड लपवत गेलो तर सर म्हणाले फी आली की, तुमच्या वडिलांनी आणून दिली, दर महिन्याला विचारून जातात पोरगी कशी वाचते म्हणून. मी तिथंच पायरीवर बसलो. घरी आलो तर आज्जा ओसरीवर पेपर वाचत होते, मान वर न करता म्हणाले गणित कसं चाललंय तिचं. मी म्हटलं बरं चाललंय. संपला विषय. ते गेले तोवर आम्ही दोघांनी यावर एक अक्षर बोललो नाही. त्या १ नोव्हेंबरला ते परत काळी फीत लावून गेले.

तू तो तुर्कूच्या बस स्टॉपचा फोटो पाठवलास, पाटीवर वर फिनिश, खाली स्वीडिश, तेव्हा मी तो झूम करून करून बघितला. ओबो म्हणे तुर्कूचं स्वीडिश नाव. स्वीडिश बोलणारे शंभरात पाच-सहा, तरी पाटी दोन्हीत आणि त्यांचं वेगळं विद्यापीठ पण तिथंच. मी तो फोटो इथं चौघांना दाखवला, कन्नड सरांना पण. सर म्हणाले छान आहे की हो. बाकी कुणी काही बोललं नाही.

दोन गोष्टी मात्र मला पटल्या नाहीत, भांडतो तुझ्याशी. एक ते हवाई विद्यापीठाचे डेटरसाहेब, त्यांचं म्हणणं कुठलंही भविष्य घ्या, चार साच्यांत बसतं, वाढ, कोसळणं, शिस्त आणि कायापालट. मी वडगावच्या मागांवर लावून बघितलं. वाढ म्हणजे सगळ्यांनी रेपियर, म्हणजे नवे वेगवान माग, घ्यायचे, कोसळणं म्हणजे माग भंगारात, शिस्त म्हणजे सगळ्यांनी मिळून ठरवून थोडाच पण चांगला माल काढायचा, कायापालट म्हणजे आता आम्हाला सुचतच नाही असलं काहीतरी. बसतंय, नाही म्हणत नाही. पण माझ्या गल्लीत आज एकाच वेळी एका घरात वाढ आहे आणि भिंतीपलीकडं कोसळणं, मग कुठल्या साच्यात बसू सांग? आणि दुसरं, असला विचार करायला पोट भरलेलं लागतं. ज्याला शनिवारी कामगाराचा पगार द्यायचाय त्याला २०५० चं काय विचारतेस. तू म्हणशील आजीचं पोट कुठं भरलेलं होतं. होय, ते मला पण लिहिता लिहिता सुचलं, म्हणून हा मुद्दा अर्धाच धर.

ती डेल्फी नावाची पद्धत मात्र आवडली. नाव न सांगता सगळ्यांची मतं लिहून घ्यायची, मग ती सगळ्यांना दाखवून परत विचारायचं. आपल्या गल्लीच्या मीटिंगला पुढच्या खुर्चीवरचे तिघे बोलतात आणि बाकी चाळीस जण चहा पिऊन माना हलवतात. मी मंडळात सुचवलंय की नाल्याच्या पाण्याचं काय करायचं यावर एकदा चिठ्ठ्या टाकून बघू. अध्यक्ष म्हणाले चिठ्ठीवर सही पाहिजे. घ्या.

आणि तिकडच्या पार्लमेंटात भविष्य समिती आहे, १७ खासदारांची, १९९३ पासनं, मंदीत देशाचं कंबरडं मोडलं होतं तेव्हा काढली, हे मी इथल्या एका नगरसेवकाला सांगितलं. म्हटलं आपल्या विधानसौधेत अधिवेशन वर्षातनं दहा-बारा दिवसच भरतं, बाकीच्या दिवसांत तिथं अशी एखादी समिती बसवा, दोन्ही भाषांत. त्याला वाटलं मी चेष्टा करालोय.

नोकरीचं मी आता विचारत नाही. सरकारं घेतात, बँका आणि विमावाले घेतात, सिंगापूरच्या सरकारचं तर २००९ पासनं वेगळं केंद्रच आहे हे तू सांगितलंस. आई विचारते, इथं बेळगावात कोण घेणार. ते तिला तूच सांग फोनवर.

मागांचं सांगायचं राहिलं. आठापैकी तीन विकले. दोनावर हातरुमाल आणि पंचे काढून बघालोय, तीनावर साडीच आहे, सणाची, चांगल्या सुताची. सगळे एकदम विकायला गिऱ्हाईक आलं होतं, भाव पण बरा होता, नाही म्हटलं. आई म्हणते अडकून पडलाय, मी म्हणतो तरवा ठेवलाय.

पुढच्या महिन्यात टिळकवाडीतला एक मुलगा हेलसिंकीला निघालाय, त्याच्या बॅगेत जागा आहे दोन किलोची. कुंदा दुधाचा, तिकडं आणू देत नाहीत असं तू म्हणालीस म्हणून आईचं तोंड पडलंय. त्याऐवजी मसूर पाठवतोय, यंदाचा, आपल्याच शिवारातला. लवकर शिजतो, पाणी जास्त घालू नकोस. लाइट आली, ठेवतो.

बाबा