शनिवारचा खेळ: 'अ मर्डर इज अनाउन्स्ड'

सभासदांना स्मरण : येत्या शनिवारी सायंकाळी ठीक ६ वाजता नेहमीच्या सभागृहात अगाथा ख्रिस्तींच्या १९५० च्या कादंबरीवरची बीबीसीची १९८५ ची मालिका दाखवणार आहोत. तीनही भाग सलग, साधारण अडीच तास.

कृपया उशीर करू नका. गावच्या पेपरात छोटी जाहिरात येते : शुक्रवारी साडेसहाला अमुक घरी खून होईल. शेजारीपाजारी गंमत समजून जमतात आणि नेमक्या वेळी दिवे जातात. अंधारात दार उघडतं, टॉर्चचा झोत चेहऱ्यांवरून फिरतो, गोळ्या सुटतात. हा प्रसंग चुकला तर पुढचं काही हाती लागत नाही.

जोन हिक्सन यांची मिस मार्पल, म्हणजे ख्रिस्तींची रहस्य उलगडणारी वयस्कर बाई, बघाच. आवाज न चढवता, समोरच्याला बोलू देत माणूस ओळखणारी. युद्धानंतर रेशनवर जगणारं ते इंग्लंड, कोण कुठून आलंय याची खात्री नसलेलं गाव, हे सगळं रहस्याइतकंच मोलाचं आहे.

कळकळीची विनंती : कादंबरी वाचली असेल तर खुनी कोण हे मध्यंतरात सांगू नका. मागच्या वेळी पहिल्यांदाच आलेल्या दोघांचा हिरमोड झाला होता.

सोबत पाहुणा आणायचा असल्यास गुरुवारपर्यंत कळवा, खुर्च्या मोजक्याच आहेत.