कौलं चाळायला पोरांना धाडताना

टोरोंटो
14 मार्च

ती. दादा आणि सौ. वहिनींस,
साष्टांग नमस्कार.

सुजूची परीक्षा आता तोंडावर आली असेल. आपल्याकडच्या शाळा कर्नाटकच्या वेळापत्रकाने चालतात, त्यामुळे एप्रिलच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत पोरं मोकळी. कौलं चाळायचे, म्हणजे उतरवून, साफ करून पुन्हा लावायचे, दिवसही नेमके तेच. शेजारच्या आज्जींचं छप्पर यंदा उतरवायचंय असं वहिनी फोनवर म्हणाल्या, तर सुजूला आणि त्याच्या दोघा-तिघा दोस्तांना तिथं कामाला घाला. फक्त "जा रे, आज्जींना जरा हातभार लाव" एवढ्यावर धाडू नका. असं धाडलेलं पोर दहा वाजता उगवतं, थोडं इकडचं तिकडं करतं आणि मोबाईल काढून बसतं. काम कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं, मग ते तरी काय करणार?

वर चढायचं काम सुताराचं आणि मोठ्यांचं. पोरं खाली. सकाळी सातला सुरू, दहाला बंद, कारण त्यानंतर कौल हातात धरवत नाही. एक मंगळुरी कौल अडीच किलोच्या आसपास भरतं आणि शंभर चौरस फुटाला दीडशेच्या घरात कौलं लागतात. म्हणून हातोहात देताना एका वेळी दोनच. चार उचलून मर्दुमकी दाखवणारा पोरगा तासाभरात एखादं तरी फोडतो.

खाली आलेलं कौल नारळाच्या काथ्यानं घासायचं. खाचेतलं शेवाळ आणि पानांचा कुजका गाळ काढणं हेच खरं काम. तो गाळ राहिला की पाणी खाचेतून पुढं न जाता मागं वळतं आणि वाशावर गळतं. मग कौल एका हातावर तोलून बोटाच्या पेरानं टकटक करायची. चांगलं कौल खणकतं, चिरलेलं भद्द वाजतं. डोळ्यांना न दिसणारी चीर कानाला कळते, आणि दहा-वीस कौलांत पोरांचे कान तयार होतात. चांगली कौलं भिंतीला कडेवर उभी टेकवायची. आडवी थप्पी लावली की खालची दबून फुटतात. रचलेल्या ढिगात बोटं घालायची नाहीत, आधी काठीनं हलवायचं. विंचू तिथंच असतो.

सगळ्यात मोठी चूक मात्र मोठ्यांकडून होते: एकाच दिवसात सगळं छप्पर उघडायचं. वळीव दुपारनंतर येतो. सकाळी जेवढं उघडलं तेवढं जेवणाआधी झाकून झालं पाहिजे, नाहीतर आज्जींचं धान्य आणि अंथरूण दोन्ही भिजणार. कौलं आढ्याकडून काढत खाली यायचं आणि वळचणीकडून लावत वर जायचं. मधल्या वेळात सुतारानं कुजलेल्या रिपा, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्ट्या, बदलायच्या, कारण रीप खचली की वरचं कौल घसरतंच.

कौल फुटलं तर? फुटणारच. तुकडे परड्यात लपवायचे नाहीत, वेगळे ठेवायचे आणि त्याच संध्याकाळी आज्जींना आकडा सांगायचा. प्रत्येक कारखान्याच्या कौलाची खाच वेगळी असते, दुसरं कौल नीट बसत नाही. त्यामुळे पाठीवरचा छाप बघून तसलंच शोधावं लागतं, आणि त्यासाठी आकडा खरा लागतो. काथ्या धुऊन, घमेली पालथी घालून, अंगण झाडून झालं की त्या दिवसाचं काम संपलं. हा शेवटचा पाऊण तास पोरं चुकवतात. तिथं तेवढं लक्ष ठेवा.

पैशाचं आधीच बोलून घ्या. आज्जींकडून काही घेऊ नका, न्याहारीला भाकरी-चटणी पुरे. पण मागच्या गल्लीतल्या घरी बोलावलं, जिथं गड्यांना रोजगार देतात, तिथं पोरांनाही ठरवून द्यायला सांगा. फुकट राबवून घेणाऱ्याच्या दारात पोरगं दुसऱ्यांदा मनापासून जात नाही. दोस्तांच्या घरी मात्र जुना पैरा बरा: आज चौघं आमच्याकडं, परवा तेच चौघं तुमच्याकडं. वहीत लिहून ठेवायचं, नाहीतर फेडायची पाळी आली की नेमका एकाचा पाय मुरगळतो.

पावसाळ्यात कौलांचं काम नसतं, तेव्हा आज्जींचं विजेचं बिल सुजूकडं द्या. हेस्कॉमचं, म्हणजे तिकडच्या वीज कंपनीचं, बिल कन्नडमध्ये येतं, आज्जींना वाचता येत नाही, त्याला शाळेमुळं येतं. त्यानं तीन गोष्टी बघायच्या: मागचं रीडिंग, आत्ताचं रीडिंग, भरायची शेवटची तारीख. मीटरवरचा आकडा स्वतः जाऊन ताडून बघायचा. गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत, ठरवून दिलेल्या युनिटांच्या वर गेलं तर वरच्याचे पैसे पडतात, महिन्याला 200 ओलांडली तर सगळ्या बिलाचे. हे आज्जींना आधी कळलं तर त्या गिझर तरी बंद ठेवतील.

इथं थंडीत पोरं शेजाऱ्यांच्या दारातला बर्फ काढतात. पडल्या पडल्या काढला तर भुसभुशीत, माणसांनी तुडवला की दगड. उणे 10 च्या खाली मीठ टाकूनही फारसा सुटत नाही. म्हणून शाळेआधी उठून काढतात. सुजूला एवढं वाचून दाखवा, सकाळी सातचं कुरकुरणं जरा कमी होईल.

काथ्याचे चार ब्रश आणि सुती हातमोज्यांच्या चार जोड्या आधीच आणून ठेवा. आज्जींना नमस्कार, सुजूला आशीर्वाद.

तुमचा
धाकटा