मैदानापलीकडच्या काकांना जाहीर आभारपत्र

ति. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या दारात टाकलं असतं, तर "कशाला गं एवढं" म्हणत तुम्ही ते तुमच्या कुत्र्याच्या, म्हणजे बंड्याच्या, बिस्किटांच्या डब्याखाली सरकवून दिलं असतं. म्हणून चारचौघांत लिहितेय. शिवाय इंग्लंडात नव्याने येणाऱ्या मराठी घरांमध्ये दर उन्हाळ्यात एकच विषय निघतो: मैदानात कुत्री मोकळी फिरतात, घाण तशीच पडलेली असते, मग काउन्सिल (इथली नगरपालिका) करते काय? मला याचं उत्तर तुमच्याकडून मिळालं. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. बंड्याचं लिहिलंय, त्याची हरकत नसावी.

मैदानाची तेव्हाची अवस्था तुम्ही रोजच बघत होतात. रविवारच्या क्रिकेटला डीप मिडविकेटवर उभं राहायला कोणी तयार नसे. चेंडू झुडपांकडे गेला की पोरं आधी एकमेकांची तोंडं बघायची. लहान मुलांच्या घसरगुंडीखालीसुद्धा तेच. आणि त्या पिशव्या! घाण पिशवीत भरायची, पिशवीला व्यवस्थित गाठ मारायची आणि ती फांदीला अडकवून चालू पडायचं, हा प्रकार मला आजतागायत कळलेला नाही. एवढं केलंत, तर आणखी वीस पावलांवरच्या कचरापेटीनेच काय घोडं मारलंय?

आम्ही काय करत होतो, तर व्हॉट्सॲपवर फोटो टाकत होतो. तुम्ही त्या ग्रुपवर नव्हतात. कुणीतरी तुमच्या कानावर घातलं आणि तुम्ही क्रिकेटनंतरच्या चहाला आलात. पहिलंच वाक्य: "दिव्याच्या खांबाला कागद लावलाय, तो कोणी वाचलाय का?" कोणीही वाचला नव्हता.

तो कागद म्हणजे पब्लिक स्पेसेस प्रोटेक्शन ऑर्डर, सार्वजनिक जागेत कसं वागायचं याचा काउन्सिलचा आदेश. तिच्यामागचा कायदा २०१४ चा. कुठल्या जागेत कुत्र्यामागची घाण उचललीच पाहिजे, कुठे कुत्रं न्यायचंच नाही, कुठे साखळीला हवं, हे काउन्सिल या आदेशात नकाशासकट ठरवते. तुम्ही तो नकाशा टेबलावर पसरून बोट ठेवत दाखवलात. नियम मोडला तर तेव्हा शंभर पौंडांपर्यंत दंड होता, तो न भरता प्रकरण कोर्टात गेलं तर हजारापर्यंत. "मला दिसलंच नाही", "पिशवी संपली होती" या सबबी चालणार नाहीत, असंही आदेशात लिहिलेलं होतं. ते वाचताना तुम्ही खिशातून पिशव्यांची गुंडाळी काढून टेबलावर ठेवलीत, ते आमच्या पोरांना फार आवडलं. त्याआधी १९९६ चा कायदा होता, मग २००५ चा आला, हा इतिहासही तुम्ही सांगितलात. तो मी इथे आवरता घेते.

खरी मेख पुढे होती. असा आदेश एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो. मुदत वाढवायची तर पोलिसांशी आणि स्थानिक लोकांच्या प्रतिनिधींशी सल्लामसलत करावी लागते. आपल्या आदेशाची मुदत त्याच वर्षी संपत होती आणि काउन्सिलने लोकांची मतं मागवली होती. त्या फॉर्मचा आम्हाला पत्ताच नव्हता.

मग तुम्ही आमच्याकडून तो भरून घेतलात. "कुत्र्यांवर बंदी घाला" एवढं लिहून भागत नाही, म्हणालात. घाण कुठल्या फाटकाजवळ असते, सकाळी असते की संध्याकाळी, कुठल्या वारी जास्त, ते लिहा. माणूस रंगेहाथ सापडल्याशिवाय किंवा साक्ष द्यायला कोणी पुढे आल्याशिवाय दंड होणं कठीण. डॉग वॉर्डन, म्हणजे कुत्र्यांच्या नियमांवर लक्ष ठेवणारा काउन्सिलचा माणूस, दिवसभर आपल्याच मैदानात उभा राहू शकत नाही, पण नेमकी वेळ कळली तर त्या वेळी येऊ शकतो. तसंच झालं. साडेसहा ते सातच्या दरम्यान, मागच्या फाटकापाशी, असं बऱ्याच जणांनी कळवलं आणि वॉर्डनच्या फेऱ्या त्याच वेळेला सुरू झाल्या.

एका मुद्द्यावर मात्र आपलं जुंपलं होतं. मला अख्ख्या मैदानात साखळीची सक्ती हवी होती. तुम्ही ठाम नाही म्हणालात. खेळाच्या कुंपणात कुत्रं नको, हे तुम्हाला मान्यच होतं (अंध माणसांच्या मदतनीस कुत्र्यांना सूट ठेवून). पण बाकी मैदानात त्याला पळू द्या, नाहीतर न पळालेलं कुत्रं घरी आणि रस्त्यावर जास्त त्रास देतं, असं तुमचं म्हणणं. शेवटी आदेशात तुमच्या म्हणण्यासारखंच आलं: कुंपणात बंदी, बाकी ठिकाणी अधिकाऱ्याने सांगितलं तर लगेच साखळी लावायची. मला ते अजून पुरतं पटलेलं नाही, हे या जाहीर पत्रातही सांगून ठेवते.

घाण लगेच का उचलायची, हेही तुमच्याचकडून कळलं. मी वासापुरता विचार करत होते. कुत्र्याच्या पोटातल्या गोल जंतांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, पण ती लागलीच बाधत नाहीत, त्यांना दोनेक आठवडे किंवा जास्त लागतात. ताजी घाण उचलली की प्रश्न तिथेच मिटतो. राहिली तर पावसाने ती दिसेनाशी होते, अंडी मात्र मातीत कितीतरी काळ टिकतात. मातीचे हात तोंडात घालणाऱ्या पोरांना त्यातून आजार होऊ शकतो, क्वचित डोळ्यांनाही इजा होते. म्हणून बंड्याला वेळच्या वेळी जंताचं औषध देता, हेही ओघात सांगितलंत.

आणि आई साताऱ्याहून आली होती तेव्हाचं. एक भलंमोठं कुत्रं तिच्या अंगावर धावत आलं आणि मालक लांबून ओरडला की तो काही करत नाही. जगातला प्रत्येक कुत्रेवाला हेच म्हणतो, सदाशिव पेठेतला असो नाहीतर इथला! तुम्ही "ताई, पळू नका, हात छातीशी धरा, त्याच्या डोळ्यांत बघू नका" असं मराठीत ओरडलात आणि मधे जाऊन उभे राहिलात. मग त्या माणसाला शांतपणे सांगितलंत की चावा घेतलाच पाहिजे असं नाही, कुत्रं आवरत नसेल आणि आता हे इजा करणार अशी समोरच्याला रास्त भीती वाटली, तरी १९९१ च्या कायद्याने तो गुन्हा होऊ शकतो. तुमच्या आवाजात धमकी नव्हती. त्याने माफी मागितली आणि आता तो फाटकातच साखळी लावतो. आई त्यानंतर रोज मैदानात फिरायला गेली. मी समजूत काढून थकले होते, ते काम तुम्ही केलंत.

मैदान चकचकीत झालंय असं नाही. फांदीवरच्या पिशव्या अधूनमधून दिसतातच. पण मिडविकेटला आता माणूस उभा राहतो, आणि नवीन कुटुंब आलं की आमच्यातलं कोणीतरी त्यांना आधी खांबावरचा कागद दाखवतं.

काकूंना नमस्कार. आईने तुमच्यासाठी गोडा मसाला पाठवलाय, रविवारी घेऊन येते. पुढची मुदत संपायला आली की फॉर्म घेऊनही येईन. साखळीचा वाद तेव्हा पुन्हा घालू.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मागच्या गल्लीतली, कुत्र्यांना अजूनही थोडी घाबरणारी